एका दिवसात धबधबे आणि बर्फाचा डोंगर: झेपेल का? (पोर्टलंडवाल्यांनो, या जरा इकडे)

वेताळटेकडी | १४ फेब्रुवारी २०२६, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. फार दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मार्चच्या शेवटी आम्ही पुण्याहून भावाकडे पोर्टलंडला (ओरेगन) जातोय. आम्ही म्हणजे मी, दहा वर्षांचा मुलगा, आई (६९) आणि बाबा (७४). नवऱ्याचं मार्चएंड आहे, म्हणून तो घरीच. आमच्यापेक्षा जास्त खुशीत तोच दिसतोय. भावाला पूर्ण मोकळा असा एकच दिवस आहे, शनिवार २८ मार्च. त्याचा बेत: सकाळी कोलंबिया नदीच्या खोऱ्यातले धबधबे, मग हूड रिव्हर गावावरून माऊंट हूड या बर्फाच्या डोंगराला वळसा घालून त्याच्यावरचं टिंबरलाइन लॉज हे हॉटेल, तिथे बर्फ आणि कॉफी, रात्री जेवायला घरी. "सगळं मिळून अडीचशे किलोमीटर, काही विशेष नाही," हे त्याचं फोनवरचं वाक्य. हाच भाऊ लहानपणी सायकलवर पर्वती ते सिंहगड "काही विशेष नाही" म्हणाला होता आणि खडकवासल्याहून टेम्पोत परत आला होता.

आईला बर्फ हातात घ्यायचाय. एवढंच. काश्मीर दोनदा ठरलं, दोनदा रद्द झालं. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त, उजवा गुडघा कुरकुरतो. त्यांचं म्हणणं, "धबधबे बघायला सातासमुद्रापार कशाला? जुलैत ताम्हिणीला जाऊ, येताना पौडला भजी खाऊ." चिरंजिवांना प्रत्येक धबधब्याच्या खाली, वर आणि शक्य असेल तर मागे जायचंय.

तर प्रश्न दोन. हे एका दिवसात होतं का? आणि आधी काय करावं, धबधबे की बर्फ?

घाटमाथा | १४ फेब्रुवारी, १०:४१

होतं की! आम्ही २०२३ला केलं होतं. सहा धबधबे आणि लॉज. पहाटे साडेपाचला निघा.

मुळामुठा | १४ फेब्रुवारी, १०:४८

@घाटमाथा, तुमच्या बरोबर ७४ वर्षांचे बाबा होते का?

घाटमाथा | १४ फेब्रुवारी, १०:५०

नाही, मी आणि दोन मित्र. पण मुद्दा तो नाही.

मुळामुठा | १४ फेब्रुवारी, १०:५१

मुद्दा तोच आहे.

ओरेगावकर | १५ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

वेताळटेकडीताई, मी पोर्टलंडशेजारच्या बीव्हर्टनला चौदा वर्षं आहे. मूळचा कोरेगाव भीमाचा, म्हणून हा आयडी. दरवर्षी पुण्याहून कोणाचे ना कोणाचे आईवडील येतात आणि त्यांना हा वळसा दाखवायचं काम माझ्याकडे येतं, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

एका दिवसात होतं, पण धबधबे मोजायचे नाहीत. खोऱ्यातल्या जुन्या महामार्गाला लागून एकामागोमाग एक आहेत: लाटुरेल, ब्रायडल व्हेल, वाकीना, मल्टनोमा, हॉर्सटेल. प्रत्येक ठिकाणी "पाचच मिनिटं" उतरायचं म्हटलं की गाडी लावणे, जर्किनं चढवणे, एकाला बाथरूम, दुसऱ्याचा फोटो, यात अर्धा तास जातो. आपली माणसं असतील तर पाऊण.

क्रम मी असा ठेवतो. सातला घर सोडायचं. आय-८४ या नव्या महामार्गावरून २२ नंबरच्या फाट्याला कॉर्बेटकडे वर चढायचं आणि जुना रस्ता धरायचा. आधी क्राउन पॉइंट. तिथे कड्याच्या टोकावर व्हिस्टा हाउस नावाची अष्टकोनी दगडी इमारत आहे, १९१८ची, नदीपासून ७३३ फूट उंच. सगळं खोरं एका नजरेत दिसतं. मग लाटुरेल. वाहनतळापासून दोन पावलं चढलं की समोर दिसतो, गुडघेवाल्यांना झेपतो. मग थेट मल्टनोमा, नऊ-सव्वानऊच्या आत. दहानंतर शनिवारी तिथे गाडी लावायची म्हणजे लक्ष्मी रोडवर दिवाळीच्या आदल्या दिवशी जागा शोधण्यासारखं.

मल्टनोमा एकूण ६२० फूट. वरचा टप्पा ५४२, खालचा ६९, मधे थोडा उतार. दोन टप्प्यांच्या मधे कमानीचा पूल आहे, तिथपर्यंत डांबरी वाट आहे, पाव मैलाच्या आत. बाबा हळूहळू जातील. तिथून पार माथ्यावर जायला मात्र साधारण मैलभराची नागमोडी वाट आहे, अकरा वळणं. चिरंजिवांना मामाबरोबर पाठवा.

साडेअकराला निघून हूड रिव्हर, ६४ नंबरचा फाटा. तिथे जेवा. मग ३५ नंबरचा रस्ता डोंगराच्या पूर्वेकडून वर चढतो आणि २६ला मिळतो. गव्हर्नमेंट कॅम्पच्या अलीकडून लॉजचा सहा मैलांचा घाट. अडीच-तीनला पोचाल. परत २६ वरून सँडीमार्गे घरी.

हिमशिखा | १५ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

ओरेगावकरांशी असहमत. आधी बर्फ! डोंगरावर दुपारी ढग येतात. सकाळी आठला लॉजवर असलात तर माथा लख्ख दिसण्याची शक्यता जास्त. धबधबा काय, ढगातही धबधबाच असतो.

ओरेगावकर | १५ फेब्रुवारी, ९:४४

@हिमशिखा, तर्क बरोबर, पण शनिवार आहे. सकाळी सगळं पोर्टलंड स्की घेऊन २६ वर असतं. शिवाय सकाळच्या थंडीत घाटात रस्ता काचेसारखा गोठलेला असतो, दुपारपर्यंत मीठ-खडी पडून बरा होतो. परतीला चार-पाचला स्कीवाले उतरतात, तेव्हा खोळंबा होतो, तो टाळायचा तर लॉजवर सहापर्यंत बसायचं. मार्चअखेरीस सूर्य साडेसातला मावळतो, अंधाराची चिंता नाही.

शनिवारपेठी | १५ फेब्रुवारी, ९:५२

भाऊ गाडी चालवणार, भाऊ पेट्रोल भरणार, भाऊच बेत ठरवणार. ताई, तुम्ही मागे बसून दाणे खा की.

वेताळटेकडी | १५ फेब्रुवारी, १०:१०

@शनिवारपेठी, मागे मधल्या सीटवर मी, एका खिडकीला मुलगा, एका खिडकीला आई. आईला घाट लागतो. आता सांगा दाणे कोण खाणार.

@ओरेगावकर, दंडवत. प्रिंट काढून ठेवते. मार्चमध्ये साखळ्या लागतील का चाकांना? आणि काही परवाने?

ओरेगावकर | १५ फेब्रुवारी, १०:३५

मल्टनोमाला वेळ ठरवून घ्यायचा परवाना लागतो तो उन्हाळ्यात, मेच्या अखेरीपासून. मार्चमध्ये नाही. डोंगरावर मात्र १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल स्नो-पार्क परवाना (बर्फाच्या भागात गाडी लावायचा) गाडीच्या काचेला लागतो. भावाकडे नसेल तर आधीच घ्यायला सांगा.

साखळ्या गाडीत असू द्या. रस्त्यावर "साखळ्या किंवा बर्फाचे टायर बाळगा" असे फलक लागतात. भाऊची स्वतःची गाडी आहे हे बरं, भाड्याच्या गाड्यांच्या बऱ्याच करारांत साखळ्या लावायला मनाई असते. निघायच्या आधी ट्रिपचेक या ओरेगनच्या रस्त्यांच्या वेबसाइटवर रस्त्याचे कॅमेरे बघा. हूड रिव्हरला जेवताना पुन्हा बघा. ३५ वर बर्फ जोरात पडत असेल तर सरळ मागे फिरा, यात लाज नाही.

अजून एक: मल्टनोमाचा मोठा वाहनतळ आय-८४ च्या दोन्ही दिशांच्या मधोमध आहे, त्यामुळे ३१ नंबरचा फाटा डावीकडून सुटतो. अमेरिकेत सगळं उजवीकडून सुटायची सवय झालेल्यांची तिथे धांदल उडते. जुन्या रस्त्याने आलात तर हा प्रश्न नाही.

लिंबूटिंबू | १५ फेब्रुवारी, दुपारी १:१५

घाट लागण्यावर: आवळासुपारी, आलेपाक आणि पुढची सीट. बाकी सगळे उपाय मनाचे खेळ.

मुळामुठा | १५ फेब्रुवारी, १:२२

+१. आईंना पुढे बसवा. बाबांना मागे खिडकी द्या.

वेताळटेकडी | १५ फेब्रुवारी, १:३०

बाबा पुढची सीट सोडतील असं वाटणाऱ्यांनी माझ्या बाबांबरोबर वरंध घाट केलेला नाही. प्रत्येक मोरीवर त्यांची टिप्पणी असते.

दगडधोंडे | १५ फेब्रुवारी, रात्री ११:०२

बाबांना एक गोष्ट सांगा, मग ते येतील. तिथला दगड आपलाच आहे.

आपलाच म्हणजे बेसाल्ट, काळा पाषाण. दख्खनचे लाव्हाचे थर साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. पाताळेश्वर ज्यात कोरलंय आणि तुमची वेताळ टेकडी ज्याची झालीय, तोच. कोलंबियाच्या खोऱ्यातले थर बरेच तरुण, साधारण १.६ कोटी वर्षांचे. पण रचना तशीच: एकावर एक लाव्ह्याच्या चादरी, ताम्हिणीत कड्याला ज्या पायऱ्या-पायऱ्या दिसतात तशा. लाटुरेलच्या कड्यात तर खांबच्या खांब उभे आहेत. लाव्हा थिजताना आकसतो, तडे जातात, आणि षटकोनी स्तंभ तयार होतात. लाटुरेलला त्यावर पिवळाधमक दगडफुलाचा थर आहे, फोटोत रंग भरल्यासारखा वाटतो.

मग फरक काय? आपल्याकडे घाटाची धार पावसाने लाखो वर्षं कुरतडली. तिथे पुराने एकदम कापलं. हिमयुगाच्या शेवटी मोंटानात बर्फाच्या बांधामागे प्रचंड तळं साचायचं, तो बांध फुटायचा, आणि सगळं पाणी याच खोऱ्यातून समुद्राकडे जायचं. असं एकदा नाही, पुन्हा पुन्हा झालं. पुरांनी खोऱ्याच्या भिंती उभ्या तासल्या, आणि बाजूचे ओढे वरच लटकत राहिले. त्यांना खाली यायला एकच मार्ग उरला, उडी मारायचा. म्हणून एवढ्याशा पट्ट्यात इतके धबधबे. आणि आपल्यासारखे चार महिन्यांचे नाहीत, मल्टनोमा बारमाही आहे, झऱ्यांवर चालतो.

घाटमाथा | १५ फेब्रुवारी, ११:२०

@दगडधोंडे, वाचनखूण साठवली. तरीही भांबवलीचा वजराई तो वजराईच.

हिमशिखा | १६ फेब्रुवारी, सकाळी ७:४५

वजराईला शेवटचं कधी गेला होतात? आम्ही ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा पाण्यापेक्षा माणसं जास्त आणि माणसांपेक्षा स्पीकर जास्त.

घाटमाथा | १६ फेब्रुवारी, ८:१०

ते आहेच. मी स्वतः आता शनिवार-रविवारी घाटात जात नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये ताम्हिणीत रस्त्यालगतच्याच एका धबधब्यात एक पोरगा फोटोसाठी मागे मागे सरकत माझ्या अंगावर आला. मी शेवाळावर आपटलो आणि कोपर गेलं. पंचाने हात गळ्यात बांधून पौडपर्यंत आलो. त्या पोराने "सॉरी काका" म्हटलं आणि पुन्हा फोटोला उभा राहिला. दुखण्यापेक्षा "काका" जास्त लागलं, तेव्हा मी चौतीसचा होतो.

मुळामुठा | १६ फेब्रुवारी, ८:३०

हसून हसून पुरेवाट. पण आता पावसाळा आला की कुठे ना कुठे बंदीचा आदेश निघतोच. आणि गेल्या जूनमध्ये कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना पूल गर्दीसकट कोसळला, त्यानंतर आमच्या घरी तर "धबधबा" हा शब्दच निघाला नाही. तिकडे शिस्त असेल, नाही?

ओरेगावकर | १६ फेब्रुवारी, ९:००

शिस्त आहे, पण सगळेच शहाणे नाहीत. २ सप्टेंबर २०१७ला याच खोऱ्यात ईगल क्रीकच्या वाटेवर एका पंधरा वर्षांच्या मुलाने दरीत फटाका फेकला. जंगल कोरडं होतं. जवळजवळ पन्नास हजार एकर जळलं, आगीने नदी ओलांडून पलीकडच्या वॉशिंग्टन राज्यातही पेट घेतला. मल्टनोमाचं १९२५चं दगडी लॉज अग्निशामकांनी रात्रभर पाणी मारून वाचवलं. कोर्टाने त्या मुलाला ३.६६ कोटी डॉलरची भरपाई सांगितली. काळे पडलेले बुंधे अजून दिसतात, त्यांच्या मधून नवी झाडी वर आलीय. काही वाटा पुष्कळ वर्षं बंद होत्या.

आणि निसर्ग स्वतःही गंमत करतो. १९९५च्या सप्टेंबरमध्ये मल्टनोमाच्या पुलावर एका लग्नाचे फोटो चालले होते, आणि वरच्या कड्यातून बसएवढा धोंडा सुटून खालच्या डोहात पडला. अख्खं वऱ्हाड भिजलं, काहींना किरकोळ लागलंही.

शनिवारपेठी | १६ फेब्रुवारी, ९:०४

अक्षता कमी पडल्या असतील.

सुगरणनव्हे | १६ फेब्रुवारी, दुपारी १२:४०

इतके प्रतिसाद झाले आणि डब्याचं कोणीच काढलं नाही? दशम्या करा, दुधातल्या. दोन दिवस मऊ राहतात. शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची फोड वेगळ्या डबीत. थर्मासात चहा. तिकडचा चहा म्हणजे कोमट पाण्यात पिशवी बुडवून वर सॉरी.

हिमशिखा | १६ फेब्रुवारी, १२:५५

टिंबरलाइनच्या शेकोटीपुढे दशम्या? लॉज म्हणजे हॉटेल आहे हो ते.

शनिवारपेठी | १६ फेब्रुवारी, १:०१

दारावर पाटी असेल: "बाहेरील दशम्या आणू नयेत. आणल्यास दोन जास्त आणाव्यात."

मुळामुठा | १६ फेब्रुवारी, १:०३

पुणेरी पाटी आली. धागा शास्त्रशुद्ध झाला.

ओरेगावकर | १६ फेब्रुवारी, संध्या. ६:३०

डबा गाडीत किंवा हूड रिव्हरच्या काठावर खा. तिथे वारा इतका असतो की दशमी घट्ट धरून खावी लागते, वाऱ्यावरच्या खेळांसाठीच ते गाव प्रसिद्ध आहे. लॉजमध्ये कॉफी घ्या आणि बसा, कोणी उठवत नाही.

लॉजबद्दल दोन शब्द लिहितो, कारण बरेच जण बर्फात फोटो काढून परत फिरतात आणि आत नीट बघतच नाहीत. १९३०च्या दशकातल्या महामंदीत लोकांना काम मिळावं म्हणून सरकारने ते बांधलं. आपल्याकडे दुष्काळी कामं निघायची ना, तसं. फरक असा की खडी फोडायला लावण्याबरोबर सुतार, लोहार, विणकर, चित्रकार यांनाही त्यांचंच काम दिलं. २८ सप्टेंबर १९३७ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी उद्घाटन केलं. जवळपास सहा हजार फुटांवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्याही वर. आणि त्याच्याही वर डोंगर उरतोच, माथा ११,२०० फुटांच्या पुढे. मधोमध दगडी चिमणी आहे, तिला वेगवेगळ्या बाजूंनी शेकोट्या. जिन्याच्या खांबांवर कोरलेले प्राणी आहेत, ते खांब म्हणजे जुने तारांचे खांब. शेकोटीतले लाकडं ठेवायचे लोखंडी घोडे रेल्वेच्या रुळांचे. आता ऐतिहासिक वास्तू म्हणून जाहीर आहे, पण चालू हॉटेलच आहे.

हो, आणि एका गाजलेल्या इंग्रजी भयपटात हॉटेल बाहेरून दाखवलंय ते हेच. चिरंजिवांना सांगू नका, नाहीतर बाथरूमला एकटे जाणार नाहीत.

लिंबूटिंबू | १६ फेब्रुवारी, ७:१०

बुटांचं सांगा कोणीतरी. पावसाळी सँडल चालतील?

घाटमाथा | १६ फेब्रुवारी, ७:२२

बर्फात सँडल? पायाची बोटं भारतात पाठवायची असतील तर चालतील.

खोल नक्षीचे बूट. सुती मोजे नकोत, ओले झाले की वाळत नाहीत, लोकरीचे घ्या. प्रत्येकाचा एक जोड जास्तीचा गाडीत. मल्टनोमाला तुषार उडतात, तिथेच पाय ओले होतात, आणि मग पुढे बर्फात जायचं असतं. हा क्रमाचा खरा तोटा आहे, ओरेगावकर काहीही म्हणोत.

ओरेगावकर | १६ फेब्रुवारी, ७:३०

मान्य. मोजे बदला.

निवृत्तनाथ | १७ फेब्रुवारी, पहाटे ५:५०

मी ७१. मागच्या वर्षी मुलीने असाच एकदिवसीय वळसा घडवला. खरं सांगू? तिसऱ्या धबधब्यानंतर मला फक्त बाक दिसत होता. मुलं प्रेमाने दाखवतात, आपण "हो हो, छान" म्हणतो. ताई, आईबाबांना आदल्या दिवशी विचारू नका, ते "तुम्ही म्हणाल तसं" म्हणतील. मधे एकदा गाडीतच बसून राहायची सोय ठेवा, आणि बसले तर समजावायला जाऊ नका.

वेताळटेकडी | १७ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

@निवृत्तनाथ काका, हे कोणीच सांगितलं नसतं. मनापासून आभार.

ठरलं तर मग: तीन धबधबे, एक लॉज, लोकरीचे मोजे. बाबांना "दगड आपलाच आहे" हे सांगितलं. ते म्हणाले, "मग तर जायची गरजच नाही."

वेताळटेकडी | ३१ मार्च २०२६, रात्री ११:४०

पोर्टलंडहून लिहितेय. शनिवारी जाऊन आलो.

सातला निघायचं होतं, सात चाळीसला निघालो. पुढच्या सीटवर बाबाच. आईने मागे आलेपाक चोखत डोळे मिटून घेतले, आणि त्यातच सगळं निभावलं.

क्राउन पॉइंटला दार उघडेना इतका वारा. आईची शाल उडून कठड्याला चिकटली. बाबा शाल आणायला गेले आणि तिथेच थांबले. मला वाटलं गुडघा. जाऊन बघते तर कठड्याच्या दगडावरून हात फिरवताहेत. त्यांनी चष्मा पुसला, वाकून खालच्या रस्त्याकडे बघितलं आणि विचारलं, "हा रस्ता कधीचा?" मी फोनमध्ये शोधून वाचून दाखवलं: १९१३ला काम सुरू, अभियंता सॅम्युएल लँकेस्टर, निव्वळ देखावा बघत जाता यावा अशा आखणीचा अमेरिकेतला पहिला मोठा रस्ता, चढ पाच टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही असा नियम. "पाच टक्के!" बाबा म्हणाले. "या कड्यात?" आणि मग ते पुढचा सगळा रस्ता भावाला वळणं हळू घ्यायला लावत, मोऱ्या मोजत बसले.

लाटुरेलला खांब दिसले, पिवळं दगडफूल दिसलं. दगडधोंडे, तुमची आठवण काढली. मुलगा खाली पार पाण्यापर्यंत जाऊन पहिला मोज्याचा जोड भिजवून आला. पण बाबांनी धबधब्याकडे पाठ केली होती. ते रस्त्याच्या काँक्रीटच्या कमानी बघत होते, १९१४च्या. तिथे पंचवीस मिनिटं गेली. आई गाडीत बसून राहिली. निवृत्तनाथ काका, मी समजावायला गेले नाही.

मल्टनोमाला पोचेपर्यंत दहा वाजून गेले. जागा मिळेना. दोन चकरा मारल्यावर एक कुटुंब निघताना दिसलं, तर भाऊ त्यांच्यामागे असा दबा धरून उभा राहिला की पुण्याचं पाणी अजून अंगात आहे याची खात्री पटली. पुलापर्यंत सगळे गेलो, आईसुद्धा. पुलावर उभं राहिल्यावर वरचा टप्पा मान मागे टाकूनच बघावा लागतो, आणि वाऱ्याचा झोत फिरला की चेहऱ्यावर बारीक गार पीठ उडाल्यासारखं होतं. आई म्हणाली, "चक्कीत गेल्यासारखं वाटतंय." मामा-भाचे माथ्यावर गेले. आम्ही खाली १९२५च्या त्या दगडी लॉजशेजारी दशम्या खाल्ल्या. कोणीही काही म्हटलं नाही, उलट शेजारच्या बाकावरच्या बाईंनी चटणी काय आहे विचारलं. एक चमचा दिली. नंतर त्या बराच वेळ पाणी पीत होत्या.

वाकीना गाडीतूनच बघितला. म्हणजे हिशेबाने अडीच धबधबे.

३५ वर चढताना आधी पाऊस, मग पावसाचे जाड ठिपके, मग एकदम सगळं शांत. काचेवर आवाजच येईना. मुलगा म्हणाला, "पाऊस म्यूट झाला." रस्ता काळाच होता, साखळ्या लागल्या नाहीत. लॉजवर पावणेचार. दारापुढे बर्फातून आत जायला बोगद्यासारखी वाट केलीय, दोन्हीकडे भिंती माझ्या डोक्याच्या वर.

आई तिथेच थांबली. हातमोजा काढला आणि भिंतीतून मूठभर बर्फ घेतला. मी फोन काढून तयार. तिने बोटांत चोळून बघितला आणि म्हणाली, "हा कापसासारखा नाहीये गं. खडेमिठासारखा आहे." मग अजून एक मूठ घेतली, मग हात गार पडला म्हणून बाबांच्या कोटाच्या खिशात घातला. चार मिनिटं. त्या चार मिनिटांसाठी दोन काश्मीर रद्द झाले होते.

डोंगर काही दिसला नाही. ढग, ढग आणि ढग. हिमशिखा, तुम्ही जिंकलात.

पण खरी मजा आत. आई शेकोटीपुढे बसली, आणि पाच मिनिटांत तिथे मांडलेली जुन्या सतरंज्यांची माहिती वाचायला उठली. मला हाक मारून बोलावलं. त्या काळात कामगारांच्या छावण्यांमधली जुनी ब्लँकेटं आणि कपडे कापून त्याच्या पट्ट्यांचे गालिचे विणले होते. आई म्हणाली, "अगं, ही तर गोधडी." तिने माझ्या आजीच्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्यात, त्यातली एक आत्ता भावाच्या पलंगावर आहे. तिथल्या काउंटरवरच्या मुलीला तिने मराठी-इंग्रजी-हातवारे करून धावदोरा समजावला. मुलगी फारच मन लावून ऐकत होती, की फार सभ्य होती, कळलं नाही.

सहाला निघालो. ओरेगावकर म्हणाले तसे स्कीवाले उतरून गेले होते, रस्ता मोकळा. घरी पावणेआठ. मऊ भात, मेतकूट, तूप.

ओरेगावकर | १ एप्रिल, सकाळी ७:५५

वा! एवढ्या जवळ येऊन घरी चहाला आला नाहीत, ही तक्रार नोंदवून ठेवतो.

हिमशिखा | १ एप्रिल, ८:२०

जिंकल्याचा आनंद नाही हो. माथा दिसायला हवा होता.

सुगरणनव्हे | १ एप्रिल, ९:०५

कोणती चटणी दिलीत त्या बाईंना? शेंगदाण्याची की लसणाची?

वेताळटेकडी | १ एप्रिल, ९:१२

लसणाची. शेंगदाण्याची चिरंजिवांनी लाटुरेललाच संपवली होती.

दगडधोंडे | १ एप्रिल, ९:३०

बाबांना मल्टनोमाचा पूल कसा वाटला? तोही १९१४चाच. सायमन बेन्सन नावाच्या लाकूडव्यापाऱ्याने पैसे दिले होते, म्हणून पुलाला त्याचं नाव. त्यावर वरून धोंडे पडून मार बसलेत, २०१४लासुद्धा कठडा फुटला होता, दुरुस्त केला.

रमतगमत | १ एप्रिल, १०:१५

सगळं वाचायला वेळ नाही. मला जूनमध्ये जायचंय, एका दिवसात होईल का?

मुळामुठा | १ एप्रिल, १०:१७

@रमतगमत, निदान १५ फेब्रुवारीचे ओरेगावकरांचे दोन मोठे प्रतिसाद वाचा. जूनमध्ये मल्टनोमाला वेळेचा परवाना लागेल.

वेताळटेकडी | १ एप्रिल, १०:५०

@दगडधोंडे, बाबा शेजारी बसलेत, सांगतील तसं टंकते:

"पूल पावलांनी मोजला. माझी अठरा पावलं, म्हणजे पंचेचाळीस फूट धरा. कमान उत्तम. दुरुस्ती कुठे केली ते सापडलं नाही, म्हणजे दुरुस्तीही उत्तम. पाणी निचऱ्याची भोकं बघायची राहिली, कारण मागून एक बाई सारखी 'एक्सक्यूज मी' म्हणत होती. पुन्हा नेणार असाल तर सोमवारी न्या, गर्दी नको."